बोटं मोजून भागणार नाही

२०२५ च्या अखेरीस पुणे जिल्ह्यात बिबट्याची दहशत होती. शिरूर तालुक्यात माणसं बळी गेली, लोक रस्त्यावर उतरले आणि नोव्हेंबरात थेट औंधसारख्या भरवस्तीत बिबट्या दिसल्याची बातमी आली. त्याच दिवसांत मोबाइलवर आणखी बरेच बिबटे हिंडू लागले. कुणी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, कुणी कंपाउंडच्या भिंतीवर, कुणी चक्क जिन्यात. यातले कितीतरी एआयने बनवलेले होते. असे फोटो पसरवणाऱ्यांवर कारवाई करू, असा इशारा वन विभागाला द्यावा लागला. खरा बिबट्या परिसरात असताना खोट्याचा फोटो फिरवणं म्हणजे पिंजरे लावणाऱ्या माणसांना भलतीकडेच पळवणं.

मोठी माणसं असा फोटो बघतात, ‘बापरे’ म्हणतात आणि पुढे पाठवतात. ज्यांचं संध्याकाळचं खाली खेळणं बंद होतं, ती पोरं दहा-बारा वर्षांची असतात. आणि गंमत अशी, की तो फोटो बनवणाराही कदाचित त्यांच्याच इमारतीतला, त्यांच्याहून जेमतेम तीन-चार वर्षांनी मोठा दादा असू शकतो. साधन फुकट आहे, एक वाक्य टाइप केलं की काम होतं.

म्हणूनच खोटे फोटो ओळखायला शिकवणं पाचवी ते सातवीच्या मुलांपासून सुरू करावं, असं माझं मत आहे. व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्रामची वयाची अट तेरा वर्षांची आहे, पण ती कागदावर. घरात आईचा फोन असतोच आणि त्यात काय काय आहे हे आईपेक्षा पोराला जास्त ठाऊक असतं. दुसरं असं, की या वयातल्या मुलांना मोठ्यांची चूक पकडण्यात जो आनंद होतो, तो पुढे कधीच होत नाही. शिक्षकाने फळ्यावर ऱ्हस्व-दीर्घ चुकवलं तर सगळा वर्ग जागा होतो. ही वृत्ती फुकट मिळालेलं भांडवल आहे. तेरा-चौदाव्या वर्षी मित्रांत वेगळं पडण्याची भीती सुरू होते, मग ‘अरे, हे खोटं आहे’ म्हणणं जड जातं.

मुलं मोबाइल सराईतपणे चालवतात म्हणून त्यांना त्यातलं खरं-खोटंही कळत असेल, हा मात्र मोठ्यांचा गोड गैरसमज आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने २०१६ मध्ये अमेरिकेतल्या मिडल स्कूलमधल्या २०३ मुलांना एका संकेतस्थळाचं पहिलं पान दाखवलं. त्यावर एक बातमीसारखी दिसणारी जाहिरात होती आणि ती प्रायोजित आहे असं तिथेच लिहिलेलं होतं. ८० टक्क्यांहून अधिक मुलांनी तिला बातमी मानलं. तेव्हा एआयचे फोटो सामान्य माणसाच्या स्वप्नातही नव्हते.

आता सर्रास शिकवलं जातं ते असं : हाताची बोटं मोजा, दात बघा, कानातली दोन्हीकडे सारखी आहेत का ते पाहा. मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस फुगीर पांढरं जॅकेट घालून चाललेत, असा फोटो जगभर फिरला. मिडजर्नी नावाच्या साधनाने तो बनवला होता. नीट पाहणाऱ्यांना त्यात चुका सापडल्या. हातातली वस्तू बोटांत विरघळल्यासारखी दिसत होती, चष्म्याची कड गालावरच्या सावलीत मिसळली होती, गळ्यातल्या क्रूसाची साखळी एकाच बाजूने वर जात होती. तेव्हापासून ‘बोटं मोजा’ हा मंत्र झाला. पण साधनं बनवणाऱ्यांनीही तो मंत्र ऐकला. पुढच्या आवृत्त्यांत बोटं पाचच येऊ लागली. आज बोटं मोजून निश्चिंत होणारा मुलगा न मोजणाऱ्यापेक्षा जास्त धोक्यात आहे, कारण त्याला वाटतं की आपण तपासलं.

मग खुणा शिकवूच नयेत का? शिकवाव्यात, पण आधी यंत्र फोटो बनवतं कसा हे सांगावं. खूण आज आहे, उद्या नाही. यंत्राची रीत कळली की उद्याची खूण मूल स्वतः शोधतं.

रीत सांगायला अवघड नाही. संगणकाला कोट्यवधी चित्रं आणि प्रत्येकाचं शब्दांतलं वर्णन दिलं जातं. पूर्वी अँटेना हलला की टीव्हीवर मुंग्या यायच्या, तशा मुंग्या त्या प्रत्येक चित्रावर थोड्या थोड्या टाकत जायच्या, शेवटी चित्र दिसेनासं होऊन नुसत्या मुंग्या उरेपर्यंत. दर पायरीला संगणकाने ओळखायचं, की यातलं चित्र कोणतं आणि वरून टाकलेलं काय. हा सराव इतका होतो की पुढे त्याला नुसत्या मुंग्या दिल्या आणि ‘पारावर बसलेले आजोबा’ एवढंच सांगितलं, तरी तो थरामागून थर साफ करत आजोबाही काढतो आणि पारही. आजची बरीच साधनं याच किंवा याच्या जवळच्या रीतीने चालतात. मुलांना ठासून सांगण्याची गोष्ट ही, की इथे कॅमेरा कुठेच नव्हता. ते आजोबा कुठल्याही गावात राहत नाहीत. असे आजोबा साधारण कसे दिसतात, याचा तो फार हुशारीने बांधलेला अंदाज आहे.

‘साधारण’ या शब्दापाशीच यंत्र सापडतं. वर्गात करण्यासारखा एक प्रयोग आहे. शिक्षकांनी आपल्या संगणकावर चित्र बनवणारं एखादं साधन उघडून पडद्यावर दाखवावं आणि मुलांना सांगायला लावावं, ‘भिंतीवरचं काट्यांचं घड्याळ दाखव, त्यात पावणेचार वाजलेत.’ अनेक साधनं वर्षानुवर्षं दहा वाजून दहा मिनिटंच दाखवत आली आहेत. कारण घड्याळांच्या जाहिरातींत काटे तसेच लावलेले असतात. दोन्ही बाजूंना सारखे दिसतात आणि मधलं कंपनीचं नाव झाकलं जात नाही. यंत्राने जाहिरातींतली घड्याळं ढिगाने पाहिली, आपल्या स्वयंपाकघरातलं पाच मिनिटं पुढे असलेलं घड्याळ कधी पाहिलं नाही. अलीकडच्या काही आवृत्त्या पावणेचार नीट दाखवतात. दाखवले तरी बिघडत नाही. मग मुलांना म्हणावं, की हे ज्यात चुकेल असं दुसरं काहीतरी तुम्ही शोधा. नऊवारीचा काष्टा, झेंडूचं तोरण, विटी-दांडू, मंगळागौरीचा खेळ. जे जगाच्या फोटोंत कमी आणि आपल्या घरात जास्त, तिथे यंत्राचा अंदाज ढिला पडतो. नऊवारीचा पदर कुठून सुरू होतो आणि कुठे जातो, हे सातवीतल्या मुलीला आजीच्या साडीवरून जितकं कळतं तितकं कुठल्याही तपासणीच्या अॅपला कळत नाही.

देवनागरी पाट्यांचंही तसंच. एआयच्या चित्रातल्या दुकानावरची किंवा एसटीवरची पाटी लांबून मराठी वाटते, जवळ जाऊन वाचू लागलं तर वाचताच येत नाही. शिरोरेघ असते, काना असतो, पण वेलांटी भलत्याच अक्षरावर लटकलेली, रफार हवेत, जोडाक्षराचं गाठोडं झालेलं. इंग्रजी पाट्या सुधारल्यानंतरही देवनागरीची ही दुर्दशा बराच काळ टिकली. परदेशातल्या तज्ज्ञाला जे नुसतं नक्षीकाम दिसेल, ते आपल्या चौथीतल्या मुलालाही गिचमीड म्हणून ओळखता येतं. हा फायदा आता आटत चालला आहे. नवी साधनं बऱ्याचदा स्वच्छ देवनागरी लिहितात. तरी फोटोतली प्रत्येक पाटी वाचायची सवय लावावी. पाटी खरी असली तर ती गावाचं नाव सांगते, दुकानाचं नाव सांगते, कधी गाडीचा नंबर सांगते. खोटेपणा पकडण्यापेक्षा पाट्या वाचण्याचा उपयोग पुढे चौकशी करताना जास्त होतो.

सावलीची परीक्षा मात्र टिकाऊ आहे. फोटोंच्या तपासणीत आयुष्य घालवलेले बर्कलीचे प्राध्यापक हॅनी फरीद ही रीत वापरतात आणि सहावीतल्या मुलाला ती पट्टी-पेन्सिलने करता येते. प्रकाश सरळ रेषेत जातो, हे त्याला विज्ञानात शिकवलेलं असतंच. उन्हातल्या क्रिकेटचा फोटो कागदावर छापून घ्या. एका स्टंपचं टोक आणि जमिनीवरच्या त्याच्या सावलीचं टोक जोडणारी रेघ काढा. मग दुसऱ्या स्टंपची, मग फलंदाजाच्या टोपीच्या शेंड्याची, मग पंचाच्या बोटाची. ऊन एकाच सूर्याचं असेल तर या सगळ्या रेघा लांबवल्यावर एका बिंदूत मिळतात, नाहीतर एकमेकींना समांतर जातात. एक रेघ पूर्वेला आणि दुसरी भलतीकडे गेली तर काहीतरी गडबड आहे. यंत्राला सावली ‘साधारण कशी दिसते’ ते ठाऊक आहे, सूर्य कुठे आहे हे त्याच्या गावीही नसतं. आपल्या डोळ्यांनाही हा दोष सहज कळत नाही, पट्टी लावावी लागते. म्हणून मुलांनी आधी आपल्याच मैदानावरचा खरा फोटो घेऊन रेघा जुळवून पाहाव्यात. खरं कसं जुळतं हे हाताने केलेलं असलं की न जुळणारं चटकन खटकतं.

एवढं सगळं करूनही किती हाती लागतं? २०२२ मध्ये सोफी नाइटिंगेल आणि याच फरीद यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ३१५ जणांना चेहऱ्यांचे फोटो दाखवले, काही खऱ्या माणसांचे, काही यंत्राने बनवलेले. बरोबर उत्तरांचं प्रमाण निघालं ४८ टक्के. नाणं उडवलं असतं तरी एवढंच निघालं असतं. मग दुसऱ्या गटाला खुणा शिकवल्या, प्रत्येक उत्तरानंतर चूक की बरोबर तेही सांगितलं. प्रमाण ५९ टक्क्यांवर गेलं, त्यापुढे गेलं नाही. शिवाय लोकांना बनावट चेहरे खऱ्यांपेक्षा किंचित जास्त विश्वासू वाटले. हे २०२२ मधलं. साधनं त्यानंतर कितीतरी पुढे गेली.

म्हणजे डोळ्यांवर विसंबण्याला मर्यादा आहे, आणि ही गोष्ट एआयच्या कितीतरी आधीची आहे. १९१७ मध्ये इंग्लंडमधल्या कॉटिंग्ली गावात एल्सी आणि फ्रान्सिस या सोळा आणि नऊ वर्षांच्या मावसबहिणींनी ओढ्याकाठी पऱ्यांसोबत फोटो काढले. पऱ्या कागदाच्या होत्या. मुलांच्या एका पुस्तकातल्या चित्रांवरून काढलेल्या, कापलेल्या आणि टोपीच्या टाचण्यांनी उभ्या केलेल्या. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल यांनी त्या खऱ्या मानल्या, १९२० च्या डिसेंबरात ‘स्ट्रँड’ मासिकात लेख लिहिला, पुढे पुस्तकही काढलं. ज्या पुस्तकातून त्या पऱ्या आल्या, त्यात खुद्द डॉइल यांचीच एक गोष्ट छापलेली होती! बहिणींनी कबुली दिली ती १९८३ मध्ये, म्हाताऱ्या झाल्यावर. ही गोष्ट मुलांना सांगाच. दोन पोरींनी होम्सच्या लेखकाला फसवलं, याहून चांगला धडा त्यांना मिळणार नाही.

त्यातला बारकावा मात्र सोडू नये. फोटोग्राफीच्या एका जाणकाराने त्या फोटोंच्या निगेटिव्हच्या काचा तपासल्या होत्या आणि त्यांच्याशी छेडछाड झालेली नाही, असा निर्वाळा दिला होता. तो निर्वाळा चुकीचा नव्हता. छेडछाड काचेवर नव्हतीच, ओढ्याकाठी होती. ‘फोटो अस्सल आहे का’ या प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं, ‘पऱ्या आहेत का’ हे डॉइल यांनी धड विचारलंच नाही. आणि डॉइल यांचा मुलगा १९१८ मध्ये गेला होता. परलोकावर त्यांची श्रद्धा बसली होती. ज्याला जे हवं असतं ते त्याला फोटोत दिसतं. कुठलाही फोटो बघून छातीत काही हललं, राग आला, दया आली, भीती वाटली, की आधी थांबायचं, हे मुलांना इथूनच पटवता येतं. फेसबुकवर प्लास्टिकच्या बाटल्यांतून गाडी बनवणाऱ्या गरीब मुलाची चित्रं ढिगाने येतात आणि खाली हजारो हात जोडलेले असतात. तो मुलगा नसतो, गाडीही नसते. असते ती पेजला मिळणारी पसंती, आणि तिच्यातून होणारी कुणाची तरी कमाई.

डोळ्यांनंतर काय, तर चौकशी. पुन्हा तो बिबट्या घ्या. ‘आत्ताच आपल्या एरियात’ असं लिहून फोटो आला. ‘आत्ताच’ म्हणजे केव्हा? ‘आपल्या’ म्हणजे कुणाच्या? ज्याने पाठवला त्याला विचारा, तू काढलास का? बहुतेक चौकशा इथेच संपतात, कारण उत्तर येतं, ‘दुसऱ्या ग्रुपवर आला होता.’ ज्याला फोटो काढणारा माणूस नाही, त्या फोटोला निम्मी किंमत. मग फोटोत पाहायचं : सोसायटीचं नाव आहे का, गेट ओळखीचं आहे का, पार्किंगमधल्या गाड्यांचे नंबर महाराष्ट्राचे आहेत का. मग गूगल लेन्सला तो फोटो द्यायचा. तोच फोटो तीन राज्यांत तीन गावांच्या नावाने फिरतोय असं दिसलं, तर खेळ खल्लास. काहीच सापडलं नाही तर? नुकताच बनवलेला फोटो कुठेच सापडत नाही, म्हणून ‘सापडला नाही’ याचा अर्थ ‘खरा’ असा घ्यायचा नाही. मग विचारायचं, की भरवस्तीत बिबट्या आला आणि त्याचा एकच फोटो निघाला? चाळीस घरांच्या सोसायटीत एकानेही खिडकीतून व्हिडिओ केला नाही? सीसीटीव्हीत काही नाही? स्थानिक वर्तमानपत्रात ओळ नाही? आणि सगळ्यात सोपं, वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. फोन मोठ्यांनी करावा, पण करायला लावावा पोरांनी.

स्टॅनफर्डचेच सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये एक मजेदार तुलना केली. पीएचडी झालेले इतिहासकार, विद्यापीठातले विद्यार्थी आणि बातम्यांची सत्यता तपासणारे पत्रकार, तिन्ही गटांना अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली. इतिहासकार आणि विद्यार्थी ते पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत बसले आणि देखण्या बोधचिन्हाला भुलले. पत्रकारांनी पान जेमतेम पाहिलं, लगेच बाजूला नव्या खिडक्या उघडल्या आणि या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते शोधलं. त्यांचं उत्तर लवकर आलं आणि बरोबर आलं. फोटोलाही हेच लागू आहे. फोटोकडे टक लावून बसण्यापेक्षा फोटोच्या बाहेर पडणं जास्त कामाचं. आपल्या शाळांत ‘लक्षपूर्वक वाचा’ हीच शिकवण असते. इथे जरा उलटं शिकवावं लागेल.

हे आपल्याकडे जमणार नाही, असं म्हणायला जागा नाही. केरळमधल्या कण्णूर जिल्ह्यात २०१७ मध्ये गोवर-रुबेला लसीविरुद्ध व्हॉट्सअॅपवर अफवा उठल्या आणि पालक मुलांना लस देईनात. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी सुमारे दीडशे सरकारी शाळांत ‘सत्यमेव जयते’ नावाने खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग सुरू केले. त्यासाठी वेगळी प्रयोगशाळा लागली नाही. शिक्षक तयार केले आणि मुलांपुढे रोजचे फॉरवर्डच ठेवले. भर होता तो प्रश्न विचारण्यावर.

आता एक गोष्ट, जी ‘एआय ओळखा’ या नादात हमखास राहून जाते. सगळ्यात जास्त घात करणारे फोटो बहुतेकदा अस्सल असतात, खोटी असते ती त्यांच्याखालची ओळ. २०१८ मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीचा एक व्हिडिओ देशभर फिरत होता. मोटारसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. तो व्हिडिओ कराचीतल्या एका सामाजिक संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवला होता. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तो शेवट कापून टाकला होता. अशाच अफवांच्या लाटेत १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्यात एआयचा संबंध नव्हता. एका कात्रीने काम झालं होतं. बारा वर्षांच्या मुलाला हे किती तपशिलात सांगायचं ते शिक्षकांनी ठरवावं, पण सांगायचंच नाही असं करू नये.

वर्गात याचं साधं रूप करता येतं. शाळेच्या स्नेहसंमेलनाचा एखादा जुना फोटो घ्या, गर्दीचा. मुलांचे तीन गट करा. एका गटाने त्याखाली लिहायचं ‘पूरग्रस्तांची शाळेत सोय’, दुसऱ्याने ‘फीवाढीविरुद्ध पालकांचा मोर्चा’, तिसऱ्याने ‘विक्रमी गर्दीत बक्षीस समारंभ’. मग तिन्ही शेजारी लावा. फोटोतला एक ठिपकाही बदललेला नसतो. मुलं हसतात, आणि मग थोडी गप्प होतात.

खऱ्या फोटोत चिमूटभर एआय मिसळलं तर काम आणखी अवघड. २८ मे २०२३ रोजी दिल्लीत आंदोलक कुस्तीपटूंना पोलिसांनी ताब्यात घेतलं. विनेश आणि संगीता फोगाट यांचा बसमधला सेल्फी खरा होता. त्यात त्यांचे चेहरे गंभीर होते. काही तासांत त्याच फोटोची हसऱ्या चेहऱ्यांची आवृत्ती ‘बघा, कशी नाटकं करतायत’ या सुरात फिरू लागली. बस खरी, पोलीस खरे, माणसं खरी, फक्त हसू चिकटवलेलं. अशा वेळी सावल्या आणि बोटं काहीही सांगत नाहीत. मूळ फोटो शोधून शेजारी ठेवणं, एवढा एकच इलाज.

मग ‘हे एआयने बनवलंय’ असं सांगणारी लेबलं कशाला आहेत, असं कुणी विचारेल. आहेत, आणि वाढतही आहेत. गूगलने २०२३ मध्ये आपल्या साधनांच्या चित्रांत डोळ्याला न दिसणारी सिंथआयडी ही खूण घालायला सुरुवात केली. अॅडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी वगैरेंनी २०२१ मध्ये मिळून फोटोचा जन्मदाखला त्याच्यासोबतच ठेवण्याची पद्धत आखायला घेतली. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने नियमदुरुस्तीचा मसुदा काढला, त्यात एआय दृश्याचा किमान दहावा भाग लेबलने व्यापावा असं सुचवलं होतं. पण सोबतचा दाखला व्हॉट्सअॅपवरून जाताना किंवा स्क्रीनशॉट काढताना गळून पडतो, दिसणारं लेबल कापता येतं आणि एका कंपनीची खूण दुसऱ्या कंपनीच्या चित्रात नसते. लेबल दिसलं तर विश्वास ठेवा, की हे एआय आहे. नाही दिसलं तर त्यावरून काहीच ठरत नाही. ‘हे चित्र इतके टक्के एआय’ असं सांगणारी फुकट संकेतस्थळंही बेभरवशाची. मुलांना तो आकडा गुणपत्रिकेसारखा अंतिम वाटतो, म्हणून आणखी धोक्याची.

दुसरं टोकही आहे. एकदा ही शिकवणी सुरू झाली की काही मुलं प्रत्येक फोटोला ‘एआय आहे’ म्हणू लागतात. ते हुशार दिसायला सोपं असतं आणि त्यात विचार शून्य असतो. २०२४ मध्ये माइल्स अॅस्ट्रे नावाच्या छायाचित्रकाराने एका स्पर्धेच्या एआय विभागात मुद्दाम खरा फोटो पाठवला : एक फ्लेमिंगो, ज्याला डोकंच नाही. परीक्षकांनी आणि लोकांनी तो एआयचा समजून बक्षीस दिलं. पक्षी पोट खाजवत होता, मान पिसांत गेली होती, एवढंच. अशी उदाहरणं निम्म्याला निम्मी हवीत. तपासणीच्या वर्गातला प्रत्येक फोटो खोटाच निघणार असेल, तर मुलं तपासायला शिकत नाहीत, नकार द्यायला शिकतात. आणि पुढे कुणी खरोखर केलेल्या गुन्ह्याचा फोटो समोर आला तर तोही ‘एआय असेल’ म्हणून सुटेल. ‘मला अजून माहीत नाही’ हे तिसरं उत्तर वर्गात पूर्ण गुणांचं मानावं.

मुलींच्या आणि मुलग्यांच्याही बाबतीत एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगायला हवी. वर्गमित्राच्या फोटोवरून घाणेरडं चित्र बनवणारी साधनं आहेत. ‘गंमत केली’ म्हणून कुणी असं केलं तर ती गंमत नाही, गुन्हा आहे, हे या वयातच कळावं. आणि ज्याचं असं चित्र फिरलं त्याचा काही दोष नसतो, हे त्याहून आधी. चित्र पुढे पाठवायचं नाही, घाबरून लपवायचंही नाही. कुठून आलं ते नोंदवून घरच्या किंवा शाळेतल्या विश्वासाच्या मोठ्या माणसाला लगेच सांगायचं. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर मुलांना पाठ असावा.

शेवटी एक विनंती, आणि ती मोठ्यांना. हे सगळं शिकलेलं मूल पहिला प्रयोग घरच्या ग्रुपवर करणार. काकांनी पाठवलेला चमत्काराचा फोटो ते गूगल लेन्सवर टाकणार आणि सगळ्यांसमोर लिहिणार, ‘काका, हा एआयचा आहे.’ आपल्याकडे मोठ्यांची चूक लहानाने चारचौघांत दाखवली की त्याला उद्धट म्हणतात. मुलाला जरूर सांगा, की काकांना आधी वेगळा मेसेज कर, ‘काका, हे एकदा तपासून बघाल का’ असं विचार. पण ते बरोबर असलं तर काकांनीही त्याच ग्रुपवर ‘बरोबर आहे तुझं, फोटो काढून टाकतो’ असं लिहावं.